उणे वीस टक्के पाणी

मे महिन्यातल्या एका दुपारी उजनी धरणाच्या फुगवट्यावरच्या एका गावातून फोन आला. आम्ही तिघे मित्र मिळून एक लहानसे संकेतस्थळ चालवतो. शासनाने रोज खुली केलेली धरणांच्या साठ्याची आणि महसूल मंडळनिहाय पावसाची आकडेवारी गोळा करून, स्वच्छ करून ती कोणालाही पाहता आणि उतरवून घेता यावी, एवढाच त्याचा हेतू आहे. पानाच्या तळाशी माझा क्रमांक दिलेला असल्यामुळे असे फोन येतात. पलीकडचे गृहस्थ वयाने मोठे असावेत. ते म्हणाले, "अहो, तुमच्या चित्रात धरण रिकामं दिसतंय. माझी मोटार तर इथं पाणी उचलतीया. मग मी उचलतोय ते काय?"

मी संगणक उघडून पाहिले. चित्र खरोखरच रिकामे होते. प्रत्येक धरणासाठी आम्ही एक निळा उभा पट्टा काढला होता, जितके टक्के साठा तितका पट्टा भरलेला. शंभर टक्क्यांना काठोकाठ आणि शून्याला कोरडा, अशी सरळ कल्पना त्यामागे होती, आणि ती आम्हाला फार देखणीही वाटत असे. त्या दिवशी उजनीचा आकडा उणे वीसच्या आसपास होता. उणे लांबीचा पट्टा काढता येत नाही, म्हणून शून्याखालचे सारे शून्यच धरावे अशी एक ओळ मीच कधीतरी आज्ञावलीत लिहून ठेवली होती आणि विसरून गेलो होतो.

उजनीची गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते, पण ती आमच्या पानाला ठाऊक नव्हती. या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यापैकी उपयुक्त साठा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी आणि मृत साठा, म्हणजे तळाचे नेहमीच्या वापरासाठी न धरलेले पाणी, त्याहूनही मोठा, म्हणजे साडेत्रेसष्ट टीएमसीच्या वर आहे. वर्तमानपत्रात छापली जाणारी टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे उपयुक्त पाणी संपले की आकडा शून्यावर थांबत नाही, तो उण्यात जातो, आणि लोकही "उजनी मायनसमध्ये गेली" असे सहज बोलतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तर तो उणे पन्नासच्याही खाली उतरला होता. आता उणे वीस टक्क्यांचा हिशेब करून पाहावा. साडेत्रेपन्नचे वीस टक्के म्हणजे पावणेअकरा टीएमसीच्या आसपास. ते मृत साठ्यातून वजा केले तरी धरणात कागदावर त्रेपन्न टीएमसी पाणी उरते. त्यातला काही भाग गाळाने व्यापलेला आहे हे खरे. तरीही पुण्याला पाणी पुरवणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे तुडुंब भरली तरी त्यांचा साठा २९.१५ टीएमसी होतो. म्हणजे आम्ही ज्याला रिकामे ठरवले होते, त्या धरणात पुण्याच्या चार भरलेल्या धरणांहून बरेच अधिक पाणी होते, आणि गृहस्थांची मोटार तेच उचलत होती.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. आता पट्ट्याच्या तळाशी मृत साठ्याचा गडद भाग असतो, त्यावर उपयुक्त साठ्याचा फिका भाग, आणि दोहोंच्या मधल्या रेषेवर "शून्य टक्के" असे शब्दांत लिहिलेले असते. ऑगस्टमध्ये दुसरी फजिती झाली. उजनी शंभर टक्क्यांवर थांबत नाही, ती एकशे दहाच्या आसपास जाते, आणि आमचा निळा रंग चौकट फोडून वरच्या मथळ्यावर चढला. तेही निस्तरले. मात्र या दोन्ही प्रसंगांनी माझी एक समजूत मोडली. आकडे मिळाले, ते अचूक उतरवले आणि देखण्या रूपात मांडले की खुल्या माहितीचे काम संपले, असे मी मानत होतो. आकडा तयार करणाऱ्या कार्यालयात "टक्के" या शब्दाआधी "उपयुक्त साठ्याचे" हे शब्द कोणी लिहीत नाही, कारण तिथे ते सर्वांना ठाऊक असतात. तोच तक्ता कार्यालयाबाहेर पडला की ते न लिहिलेले शब्द मागे राहतात. असे मागे राहिलेले शब्द शोधून पानावर आणून ठेवणे, हेच अशा संकेतस्थळाच्या रचनेचे मुख्य काम आहे, असे मला आता वाटते. रंग, पट्टे आणि नकाशे ही त्यानंतरची गोष्ट.

कायद्याची बाजू या बाबतीत वाईट नाही. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने २००५ पासूनच कार्यालयांना स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगितले आहे, आणि ती देताना स्थानिक भाषेचा व त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा पद्धतीचा विचार करावा, असेही त्यात म्हटले आहे. २०१२ मध्ये केंद्र सरकारचे माहिती खुली करण्याचे धोरण आले, त्याच वर्षी राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले, आणि २०१७ मध्ये सरकारी माहिती कोणत्या अटींवर वापरता येईल याचा परवानाही अधिसूचित झाला. दार उघडे आहे. आत गेल्यावर कोणती वस्तू कोणत्या फडताळात आहे आणि तिचे माप कोणते, हा प्रश्न उरतो.

मापांचेच घ्या. धरणाचा साठा कुठे टीएमसीत असतो, कुठे दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि ते २८.३१७ दलघमी होतात. विसर्ग मात्र क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असा, सांगितला जातो. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी लिहिला तर तो मराठवाड्यातल्या अभियंत्याला लगेच कळतो आणि पुण्यातल्या वाचकाला मुळीच कळत नाही, ७६.६७ टीएमसी लिहिला तर उलट होते. आम्ही आधी एक कळ ठेवली होती, जी दाबली की एकक बदलत असे. ती फारसे कोणी दाबत नाही, हे थोड्याच दिवसांत कळले. आता दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात, एक ठळक आणि एक बारीक. पान थोडे गजबजलेले दिसते, पण ते मला चालते. विसर्गाच्या आकड्याखाली एक ओळ दिलेली असते: सुमारे ११ हजार ५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडले तर एक टीएमसी पाणी जाते. ही ओळ वाचून एका शिक्षकांनी कळवले की त्यांनी त्यावर सातवीच्या वर्गाला गणित घातले. आमच्या साऱ्या उद्योगात मला सर्वाधिक आनंद देणारा निरोप तोच होता.

टक्केवारी हा केवळ समजुतीचा प्रश्न असता तर एवढे लिहिलेही नसते. पण टक्क्यांवर निर्णय होतात. जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपर्यंत पोहोचला की नाही, हे १५ ऑक्टोबरच्या स्थितीवरून पाहून वरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही हे ठरवण्याची पद्धत महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने घालून दिली. नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यातला सारा ताण त्या एका आकड्याभोवती फिरतो. तो आकडा कशाचे टक्के सांगतो, हे ज्या पानावर लिहिलेले नाही, ते पान भांडणात तेल ओतू शकते.

पावसाच्या तक्त्यात तर तारीख हीच फसवी वस्तू निघाली. भारतीय हवामान विभाग दिवसाचा पाऊस मोजतो तो सकाळी साडेआठ वाजता, आणि तो आकडा आदल्या चोवीस तासांचा असतो. म्हणजे पाच जुलैच्या नावाने जो पाऊस लिहिला जातो, त्यातला मोठा भाग चार जुलैला पडलेला असतो. सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचे आहे. २६ जुलै ही तारीख मुंबईकराला कॅलेंडर न पाहता आठवते. पण सांताक्रूझ वेधशाळेतला तो ९४४ मिलिमीटरचा आकडा २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. ही पद्धत ठाऊक नसलेल्या कोणी तक्ता उतरवून घेऊन २६ जुलैची ओळ पाहिली, तर त्याला वाटावे की त्या दिवशी विशेष काही घडलेच नाही. शिवाय त्याच काळात कुलाब्यात ७३-७४ मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणून "मुंबईचा पाऊस" असा स्तंभ ठेवणे म्हणजे कोणत्या मुंबईचा, हे न सांगणे. आमच्या तक्त्यात आता "तारीख" असा स्तंभच नाही. "या सकाळी साडेआठपर्यंतचे चोवीस तास" असा लांबलचक मथळा आहे. मोबाइलवर तो तीन ओळींत मोडतो आणि कुरूप दिसतो, म्हणून आमच्यातला रचनाकार मित्र आजही त्यावर नाराज असतो. मी तो बदलू दिलेला नाही.

त्यानंतर येते ते "निरंक". सरकारी मराठीतला हा शब्द मला मनापासून आवडतो. विचारणा झाली, पाहणी झाली आणि सांगण्यासारखे काही आढळले नाही, एवढा सारा अर्थ त्या तीन अक्षरांत मावतो. परंतु पावसाच्या तक्त्यात निरंक, शून्य, आडवी रेघ आणि रिकामी चौकट असे चार प्रकार एकत्र नांदत असतात. पाऊस पडला नाही, पाऊस मोजला गेला नाही, यंत्र बंद होते, किंवा आकडा अजून आलेला नाही, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वर्षी आम्ही तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून या सर्वांच्या जागी शून्य भरले. परिणामी एका मंडळात भर जुलैमध्ये अकरा दिवस कोरडे दिसले. प्रत्यक्षात तिथले पर्जन्यमापक बंद होते, आणि बाहेर धो धो पडत होते. ज्या ठिकाणी मोजणी झाली नाही, त्या ठिकाणी आता राखाडी तिरप्या रेघा असतात. संपूर्ण महिन्याच्या पानावर अशा चौकटी पुष्कळ असल्या तर पान फाटल्यासारखे दिसते. माहिती खरोखरच फाटकी असेल, तर ती तशीच दिसणे योग्य.

पूर्णांकांची चूक याहून गंभीर होती, आणि ती सर्वस्वी माझी होती. दशांश चिन्हांमुळे डोळ्यांना त्रास होतो, म्हणून मी पावसाचे आकडे जवळच्या पूर्णांकात दाखवायला सुरुवात केली. ६४.६ चे ६५ झाले. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ही अतिवृष्टीची सीमा मानली जाते, तिच्यावर पंचनामे आणि नुकसानभरपाई अवलंबून असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. फक्त माझ्या पानाशी त्याचा संबंध जोडण्याचे सुचले नाही. एक शेतकरी आमच्या पानाचे छायाचित्र घेऊन कार्यालयात गेले, तिथे मूळ नोंद ६४.६ निघाली, आणि त्यांना हात हलवत परत यावे लागले. त्यांनी मला फोन करून रागावणे अगदी रास्त होते, पण ते रागावले नाहीत. "तुमचं बघून गेलो होतो," एवढेच म्हणाले. दशांश चिन्ह त्याच रात्री परत आले.

नावांचा घोळ त्या मानाने विनोदी आहे. महाराष्ट्रात कर्जत नावाचे तालुके दोन आहेत, एक रायगडात आणि एक अहिल्यानगर जिल्ह्यात. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही, मालेगाव नाशिकमध्येही आहे आणि वाशिममध्येही. एकदा नावावरून जुळवणी करण्याच्या आळसापायी आम्ही घाटाखालच्या कर्जतचा कोकणी पाऊस नगरच्या अवर्षणग्रस्त कर्जतवर ओतला, आणि नकाशात तो तालुका गडद निळा झाला. तिथल्या एका वाचकाने केवळ हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला स्वतंत्र सांकेतांक दिलेला आहे. तोच प्रत्येक ओळीत ठेवला की हा प्रश्न सुटतो, आणि जिल्ह्यांची नावे बदलली तरी जुनी आकडेवारी नव्या नावाशी जुळते. उस्मानाबादचे धाराशिव झाले, तरी सांकेतांकाच्या आधारे मागची वर्षे हरवत नाहीत. पालघरचे मात्र तसे नाही. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्हा शोधणाऱ्याला तो सापडणारच नाही. हे त्याला पानानेच आधी सांगायला हवे, नाहीतर तो स्वतःलाच दोष देत बसतो.

कऱ्हाडने तर आम्हाला आठवडाभर छळले. या नावातला "ऱ्ह" संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. काही कळफलक त्यासाठी नुक्त्याचा ऱ वापरतात, तर काही साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात, आणि शोधचौकटीत अगदी बरोबर नाव लिहिणाऱ्या माणसाला "काहीही सापडले नाही" असे उत्तर मिळते. त्यात अर्धे लोक कराड असे लिहितात. आता शोधचौकट तिन्ही रूपे एकच मानते. या दुरुस्तीची जाणीव कोणाही वापरणाऱ्याला होणार नाही.

उतरवून घ्यायच्या फाईलबद्दल थोडे तांत्रिक सांगितल्यावाचून राहवत नाही. आमची फाईल सीएसव्ही या साध्या प्रकारची असते, जी कोणत्याही संगणकावर उघडते. पहिल्यांदा ती ज्यांनी एक्सेलमध्ये उघडली, त्यांना तालुक्यांच्या नावांच्या जागी टोपीवाल्या रोमन अक्षरांच्या रांगा दिसल्या, कारण फाईल यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत आहे हे एक्सेलने ओळखले नाही. फाईलच्या अगदी आरंभी न दिसणारे तीन बाइट घातले की तेच एक्सेल शहाण्यासारखे देवनागरी दाखवते. दुसरी अडचण अंकांची. पानावर आम्ही देवनागरी अंक वापरतो आणि वापरत राहणार, पण फाईलमध्ये ते ठेवले तर बहुतेक ठिकाणी एक्सेल त्यांना अक्षरे समजते आणि बेरीज शून्य येते. (पायथन ही संगणकभाषा देवनागरी अंक विनातक्रार वाचते, याचे मला विनाकारण कौतुक वाटते.) म्हणून फाईलमध्ये आम्ही आंतरराष्ट्रीय अंक देतो, आणि तारखेत वर्ष आधी लिहितो, कारण "०५/०७" असे लिहिले की अमेरिकी पद्धतीने लावलेला संगणक पाच जुलैचा सात मे करून टाकतो. फाईलच्या जोडीला एक साधे मराठी पान असते. प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक, मूळ स्रोत, आणि आम्ही कोणत्या दिवशी कोणता आकडा का बदलला याची यादी त्यावर असते. पूर्वी चूक सापडली की आम्ही गुपचूप सुधारत असू. जुनी फाईल वापरून प्रकल्प लिहिलेल्या एका विद्यार्थिनीचे आकडे परीक्षकांना जुळेनात, तेव्हापासून गुपचूप सुधारणे बंद झाले.

आमचे बहुतेक वाचक मात्र फाईल कधीच उतरवत नाहीत. ते पानाचे छायाचित्र काढतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. त्या छायाचित्रात वरचा मथळा कापला जातो, पत्ता जातो, तारीख जाते, आणि तीन वर्षांपूर्वीचे भरलेले कोयना धरण दर पावसाळ्यात नव्याने गावोगाव फिरते. हे समजल्यावर आम्ही तारीख, एकक आणि "उपयुक्त साठा" हे शब्द पट्ट्याच्या आतच छापायला सुरुवात केली, म्हणजे कापायचे म्हटले तरी ते कापता येऊ नयेत. तालुक्याच्या साप्ताहिकात तेच चित्र काळ्या-पांढऱ्या रंगांत छापून येते, म्हणून लाल-हिरव्याचा भेद काढून रेघा आणि ठिपके आणले. रचनाकार मित्र याही बाबतीत नाराज आहे.

दिवाळीनंतर त्या फुगवट्यावरच्या गृहस्थांना भेटायला गेलो. त्यांच्या ओसरीत भिंतीवर मागच्या सहा-सात वर्षांच्या दिनदर्शिका एकावर एक टांगलेल्या होत्या, आणि प्रत्येक चौकटीत पेन्सिलीने पावसाची नोंद होती. कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या प्लास्टिकच्या मापाने ते स्वतः मोजतात. आमच्या आकड्यांशी ताडून पाहिले, तर त्यांचा प्रत्येक मोठा पाऊस आमच्याहून एक दिवस आधी पडलेला दिसत होता. साडेआठची पद्धत मी समजावून सांगितली. ते म्हणाले, "पाऊस रात्री पडला तर तो त्या रात्रीचाच की. सकाळचा कसा होईल?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग त्यांनी विचारले की मिरगात किती पडला, तरण्या पावसात किती, म्हाताऱ्यात किती आणि हत्तीत किती, हे तुमच्या पानावर का दिसत नाही; त्यांना महिन्यांशी काही देणेघेणे नाही. ही पावसाच्या नक्षत्रांची बोलीतली नावे: मिरग म्हणजे मृग, तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य आणि हत्ती म्हणजे हस्त. परत येऊन आम्ही नक्षत्रांची सोय केली. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे निवडले की तेवढ्या दिवसांची बेरीज येते. मृग सात किंवा आठ जूनला लागतो, वर्षागणिक एखादा दिवस पुढे-मागे होतो, म्हणून दरवर्षी पंचांग पाहून तारखा भराव्या लागतात. एक अडचण अजून सुटलेली नाही. सूर्य नक्षत्र बदलतो ते दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही वेळी, आणि पाऊस मोजला जातो सकाळी साडेआठला. त्या सीमेवरच्या दिवसाचा पाऊस सरत्या नक्षत्राला द्यावा की लागत्या, यावर आम्हा तिघांचे एकमत झालेले नाही. सध्या तो सरत्या नक्षत्रात धरला जातो, आणि तसे बेरजेखाली लिहिलेले आहे.